लिनक्ससाठी हलका पण दणकट छोटा लॅपटॉप कसा निवडावा

लिनक्ससाठी लॅपटॉप शोधताना नजर आधी प्रोसेसर, रॅम आणि डिस्कच्या आकड्यांवर जाते. छोट्या लॅपटॉपच्या बाबतीत सुरुवात दुसरीकडून करावी लागते: विकत घेतल्यावर काय बदलता येणार नाही, इथून. एसएसडी दहा मिनिटांत बदलते, बॅटरी अर्ध्या तासात. वायफाय कार्ड बऱ्याच मॉडेलांत एका स्क्रूचं काम असतं. पण मदरबोर्डवर सोल्डर केलेली रॅम, कीबोर्डची मांडणी, सांगाड्याची ताकद आणि आधीच्या मालकाने बायोसला (यंत्र चालू होताच सुरू होणाऱ्या मूळ सेटिंग-प्रोग्रॅमला) घातलेलं कुलूप हे मात्र पदरी पडलं आणि पवित्र झालं, अशातला प्रकार. म्हणून तपासणीचा वेळ आणि घासाघीस तिथे खर्च करा.

इथे ‘छोटा’ म्हणजे १२.५ ते १३.३ इंची पडदा, फार तर १४, वजन १.१ ते १.४ किलो. ११ इंची यंत्रात कीबोर्ड आवळला जातो आणि मराठी टंकणाऱ्याला त्याचा फटका जास्त बसतो, ते पुढे येईलच. वजनात चार्जरही धरा. जुन्या पद्धतीचा ठोकळा वायरीसकट पाव किलोच्या आसपास जातो आणि १.१ किलोच्या लॅपटॉपची सगळी मजा घालवतो. यूएसबी-सीवरून चार्ज होणारं यंत्र घेतलं तर ४५ किंवा ६५ वॉटचा लहान चार्जर चालतो.

नवा की वापरलेला

हलका, दणकट आणि परवडणारा हे तिन्ही एकत्र हवं असेल तर कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले लॅपटॉप बघा: लेनोवोची थिंकपॅड, डेलची लॅटिट्यूड आणि एचपीची एलिटबुक मालिका. घरगुती मालिकांत दिखाऊ आकड्यांवर पैसा जातो, तर या मालिकांत तो बिजागऱ्या, कीबोर्ड आणि सांगाड्यावर गेलेला असतो. शिवाय दुरुस्तीची पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर मोफत मिळते आणि सुटे भाग वर्षानुवर्षं सापडतात. हीच यंत्रं हजारो प्रोग्रॅमरांच्या हाती असल्यामुळे लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, त्यांचे दोष लवकर दुरुस्त झालेले असतात.

विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची धडधाकट यंत्रं ऑफिसांतून बाहेर पडली. लिनक्सला या अटीशी काही देणंघेणं नाही. तरीही स्वस्त मिळतं म्हणून सातव्या पिढीवर उडी मारू नका. त्या पिढीतल्या हलक्या लॅपटॉपांचा आय५, म्हणजे ७२००यू किंवा ७३००यू, दोन कोअरचा आहे. आठव्या पिढीतले ८२५०यू आणि ८३५०यू चार कोअरचे. वीज साधारण तेवढीच, काम जवळपास दुप्पट. एका पिढीत एवढी मोठी झेप क्वचितच पडते, म्हणून आठवी पिढी ही खालची रेघ धरावी. मॉडेलच्या आकड्यातला पहिला अंक म्हणजे पिढी. आकडा १ने सुरू होत असेल तर पहिले दोन, म्हणजे १०२१०यू दहाव्या पिढीचा. यातही एक खोच आहे: आय३ ८१३०यू आठव्या पिढीचा असूनही दोनच कोअरचा आहे. दुकानदार नुसतं ‘आय५’ म्हणाला तर पूर्ण आकडा विचारा.

व्हिडिओचंही पिढीवर अवलंबून असतं. व्हीपी९ प्रकारचा व्हिडिओ सातव्या पिढीपासून पुढचे इंटेल ग्राफिक्स स्वतः उलगडतात, एव्ही१ मात्र अकराव्या पिढीपासून. ज्या यंत्रात ही सोय नाही तिथे सगळा भार प्रोसेसरवर येतो, पंखा घोंगावतो आणि बॅटरी भराभर उतरते.

कोणती मॉडेलं

थिंकपॅड एक्स२८० हे २०१८चं, १२.५ इंची, साधारण १.१५ किलोचं यंत्र. अंगठ्याला बरं वाटेल असं ट्रॅकपॉइंटचं (कीबोर्डमधल्या माउसच्या लाल घुंडीचं) बटण, चांगला कीबोर्ड, यूएसबी-सी चार्जिंग. पण रॅम सोल्डर केलेली आहे. ४ जीबीचा एक्स२८० कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या, ८चा जेमतेम, १६चा सापडला तर लगेच बघा. लॅनची तार थेट लागत नाही, वेगळा जोड घ्यावा लागतो.

त्याच्या आधीचा, २०१७चा एक्स२७० दोन कोअरचाच आहे, तरी त्याची एक खुबी नंतरच्या एक्स मालिकेत राहिली नाही. आत एक छोटी बॅटरी आणि मागे एक काढता येणारी. लॅपटॉप चालू ठेवूनच मागची काढून दुसरी भरलेली लावता येते. दिवसभर विजेविना गावोगाव फिरणाऱ्याला हे चार कोअरपेक्षा मोलाचं. रॅमची एक खाच आहे, म्हणजे नंतर वाढवता येते. लहान बॅटरीसह वजन १.३ किलोच्या आसपास; मागे मोठी लावली की दीडकडे सरकतं.

१४ इंच चालत असेल तर थिंकपॅड टी४८०एस हा या सगळ्यांत समतोल वाटतो: १.३ किलोच्या आसपास, थोडी रॅम सोल्डर केलेली आणि वर एक मोकळी खाच, लॅनचं पूर्ण पोर्ट. फक्त नावातला ‘एस’ नीट वाचा. नुसता टी४८० जाड आणि जड आहे.

लॅटिट्यूड ७२९० हा १२.५ इंची आणि ७३९० हा १३.३ इंची, दोन्हीत रॅमची एकेक खाच, दोन्ही बहुतेक आठव्या पिढीचे, दोन्ही भरवशाचे. एलिटबुक ८३० जी५ १३.३ इंची आहे आणि त्यात रॅमच्या चक्क दोन खाचा आहेत. एवढ्या लहान यंत्रात हे दुर्मीळ. मात्र ऑफिसांनी घेतलेल्या बऱ्याच एलिटबुकना ‘शुअर व्ह्यू’ नावाचा खासगीपणा जपणारा पडदा असतो. बाजूने पाहिलं की तो पांढुरका, मळकट दिसतो आणि सोय बंद केली तरी साध्या पडद्याइतका खुलत नाही. दुकानात समोरून न बघता ४५ अंशांतून बघा.

थिंकपॅड एक्स१ कार्बन सगळ्यात सडसडीत, पण सगळ्याच पिढ्यांत रॅम सोल्डर केलेली. घ्यायचाच तर १६ जीबीचाच. एएमडी हवा असेल तर रायझन ४००० मालिकेपासून पुढचा, उदाहरणार्थ थिंकपॅड एक्स१३च्या पहिल्या पिढीतला. त्याचे ग्राफिक्स त्या काळच्या इंटेलपेक्षा सरस आहेत, आणि इथेही रॅम सोल्डर केलेलीच.

काय टाळावं ते थोडक्यात. ४ जीबी सोल्डर रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसीवाले (बोर्डावरच चिकटवलेल्या संथ साठवणीचे) सेलेरॉनचे नवे स्वस्त लॅपटॉप: नवं खोकं, नवी वॉरंटी आणि पहिल्याच दिवशी दहा टॅबांत धाप. २०१८ ते २०२० दरम्यानचे टी२ चिपचे मॅकबुक: त्यांना वेगळा कर्नल लागतो. अ‍ॅपलच्या एम१ आणि एम२ चिपवर ‘असाही’ नावाचं लिनक्स चालतं, पण ज्याला त्यातच रमायचं आहे त्याच्यासाठी. स्नॅपड्रॅगनचे विंडोज लॅपटॉप लिनक्ससाठी तूर्त नकोत.

पडदा आणि मराठी अक्षर

ऑफिसांनी पैसे वाचवण्यासाठी १३६६ गुणिले ७६८चे टीएन (बाजूने पाहिलं की रंग उडणारे) पडदे भरपूर घेतले. एक्स२७० आणि एक्स२८०मध्ये ते सर्रास सापडतात. १२.५ इंची पडद्यावर हे इंचाला १२५ ठिपके होतात. १९२० गुणिले १०८०वर १७६. इंग्रजी मजकुराला फरक जाणवेल न जाणवेल, देवनागरीला लगेच जाणवतो. ‘द्ध’, ‘ष्ट्र’, ‘ऱ्ह’ यांसारखी जोडाक्षरं आणि शिरोरेघेवरचे रफार-अनुस्वार एकाच उंचीत बसवायचे असतात, त्यामुळे कमी ठिपक्यांत ती फासटतात. आयपीएस (सगळ्या कोनांतून नीट दिसणारा पडदा) आणि १९२० गुणिले १०८०, याखाली उतरू नका.

उलट टोकालाही जाऊ नका. १३ इंचांवर ४के पडदा म्हणजे बॅटरीची उधळपट्टी. १०८०चा पडदा १२.५ इंचांवर शंभर टक्क्यांत थोडा बारीक वाटतो. त्यासाठी सगळा पडदा मोठा करण्यापेक्षा फक्त अक्षरांचं प्रमाण १.२५ करणं बरं: जुन्या प्रोग्रॅमांत धूसरपणा येत नाही आणि ग्राफिक्सवर भार पडत नाही. फॉन्टसाठी ‘नोटो सॅन्स देवनागरी’ किंवा ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट टाका. नोटो बहुतेक वितरणांच्या (मिंट, फेडोरा यांसारख्या लिनक्सच्या प्रकारांच्या) भांडारात मिळतो.

कीबोर्ड: इनस्क्रिप्टवाल्यांनी उजवी बाजू बघावी

लॅपटॉप लहान करताना उत्पादक आधी कीबोर्डच्या उजव्या कडेच्या कळा बारीक करतात. इंग्रजीत तिथे अर्धविराम, चौकटी कंस, उलटी तिरपी रेघ अशी कमी लागणारी चिन्हं आहेत. इनस्क्रिप्ट या देवनागरी मांडणीत मात्र तिथे ‘च’, ‘ट’, ‘ड’, ‘ृ’ आणि ‘ॉ’ बसतात. ‘च’ आणि ‘ट’ अर्ध्या रुंदीच्या कळांवर आले तर दिवसभराच्या लिखाणात बोटं चुकत राहतात. १२.५ इंची थिंकपॅडच्या कळा पूर्ण मापाच्या असतात. ११ इंची यंत्रांत सहसा नसतात.

परदेशातून आलेल्या जुन्या मालात ब्रिटिश मांडणीचे कीबोर्ड असतात: एंटर उभा, डावी शिफ्ट आखूड, तिच्या शेजारी एक जादा कळ. तिथे ‘ॉ’ एंटरच्या वर न सापडता त्याला चिकटून खालच्या ओळीत येतो. सवय होते, पण किंमत कमी करून घ्यायला हे पुरेसं कारण आहे.

लिनक्समध्ये मराठी इनस्क्रिप्टसाठी वेगळं काही बसवावं लागत नाही. कीबोर्ड मांडणीच्या यादीत ‘भारतीय’मध्ये मराठीची सुधारित इनस्क्रिप्ट मांडणी असते. उच्चारानुसार रोमन अक्षरांतून टंकणाऱ्यांनी आयबस (टंकनाच्या पद्धती बदलणारं साधन) आणि त्यासोबत एम१७एन हे पॅकेज घ्यावं. पापणीचा ‘ऱ’ इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह ‘र’च्याच कळेवर आहे. लॉगिनचा किंवा डिस्कच्या कुलपाचा पासवर्ड मात्र देवनागरीत ठेवू नका. बूट होताना ती मांडणी लागलेली नसते आणि आपलंच यंत्र आपल्याला आत घेत नाही.

दणकटपणा हाताने तपासायचा

जाहिरातीत ‘मिल-एसटीडी-८१०’ दिसेल. हे अमेरिकी लष्कराचं चाचणी-मानक खरं, पण लष्कर लॅपटॉपला प्रमाणपत्र देत नाही. कोणत्या चाचण्या घ्यायच्या ते उत्पादक ठरवतो, आणि पास झालेलं यंत्र म्हणजे पाण्यात भिजूनही चालणारं यंत्र नव्हे. म्हणून हातानेच बघा.

लॅपटॉप उघडा ठेवून पुढचा एक कोपरा धरून उचला. सांगाडा पिळवटला, करकरला किंवा टचपॅड आपोआप दाबलं गेलं तर नको. पडद्याच्या मागच्या बाजूला मध्यभागी बोटाने हलका दाब द्या. समोर लाटा उमटल्या तर झाकण कमजोर. बिजागरी बघताना झाकण सावकाश पूर्ण उघडा आणि बिजागरीजवळच्या चौकटीतली फट बघा. प्लॅस्टिकच्या लॅपटॉपात बिजागरीचे स्क्रू पितळी नट्यांत बसतात आणि त्या नट्या प्लॅस्टिकमध्ये रोवलेल्या असतात. बिजागरी आखडली की प्रत्येक वेळी उघडताना त्या उपटल्या जातात आणि एक दिवस चौकट फाकते. फाकलेली फट दिसली तर फेविक्विकवर विसंबून घेऊ नका.

मग लॅपटॉप मिटून काचेच्या टेबलावर ठेवा. डगमगला किंवा उघडल्यावर टचपॅड वर आलेलं दिसलं तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. बॅटरी फुगता फुगता कीबोर्ड आणि तळाचं झाकणही वाकवते. कोकण किंवा मुंबईत वापरलेल्या यंत्राच्या तळाचे स्क्रू आणि यूएसबीच्या तोंडावरचा धातू बघा. तपकिरी गंज असेल तर आतही दमट हवेने काम केलंच आहे.

धातूच्या अंगाच्या लॅपटॉपला चार्जिंग चालू असताना हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर बहुतेक वेळा चार्जर दोन पिनांचा असतो किंवा सॉकेटला अर्थिंग नसतं. बिघाड लॅपटॉपचा नसतो. तीन पिनांचा चार्जर आणि नीट अर्थिंग असलं की झिणझिण्या जातात.

बायोसचं कुलूप

ऑफिसातून निघालेल्या यंत्राचा सगळ्यात महागडा दोष डोळ्यांना दिसत नाही. थिंकपॅडवर चालू करताना एफ१, डेलवर एफ२, एचपीवर एफ१० दाबून बायोसमध्ये शिरा. पासवर्ड मागितला तर व्यवहार तिथेच थांबवा. पण नुसतं आत जाता आलं म्हणूनही समाधान मानू नका: थिंकपॅडमध्ये सुपरवायझर पासवर्ड असला तरी एंटर दाबून आत डोकावता येतं, फक्त काही बदलता येत नाही. म्हणून बूटचा क्रम बदला, जतन करा, पुन्हा सुरू करून बदल राहिलाय का ते पाहा. हा पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये असतो. ‘बायोसची बॅटरी काढली की जातो’ असं कोणी सांगितलं तर ते थिंकपॅडला लागू नाही.

तिथेच सुरक्षा विभागात ‘अ‍ॅब्सोल्यूट’ किंवा ‘कॉम्प्युट्रेस’ ही यंत्राचा माग ठेवणारी सोय बघा. ती सक्रिय असेल तर यंत्र अजून कुणाच्या तरी मालमत्ता-यादीत असू शकतं. लिनक्सवर तिचा त्रास होत नाही, तरी हा माल रीतसर बाहेर पडलाय का, याचा प्रश्न उरतो. सिरीयल नंबर लिहिलेलं बिल मागा आणि तोच नंबर तळावर आणि बायोसमध्ये आहे का ते जुळवा.

आणखी दोन गोष्टी बायोसमध्येच बदलाव्या लागतात. डेलमध्ये डिस्कची पद्धत बऱ्याचदा ‘रेड’वर असते, तशी ठेवली तर लिनक्सच्या इन्स्टॉलरला एसएसडी दिसतच नाही आणि लोक डिस्क मेली समजतात. ती ‘एएचसीआय’ करा. अकराव्या पिढीपासून पुढे हीच अडचण ‘व्हीएमडी’ नावाने येते. ते बंद करा. २०२२पासूनच्या अनेक थिंकपॅडमध्ये सिक्युअर बूट (फक्त सही असलेलीच प्रणाली सुरू होऊ देणारी सोय) चालू ठेवून लिनक्स लावायचं तर ‘थर्ड पार्टी’ प्रमाणपत्राला परवानगी देणारा पर्याय चालू करावा लागतो.

दुकानात पेनड्राइव्ह घेऊन जा

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या गाळ्यात असो की ओळखीच्या माणसाच्या घरी, ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट किंवा फेडोराची लाइव्ह प्रत घेऊन जा. डिस्कला हात न लावता यंत्र त्यावरून चालतं. बूटची यादी थिंकपॅड आणि डेलवर एफ१२ने, एचपीवर एफ९ने उघडते. विक्रेता लाइव्ह प्रत चालवू देत नसेल तर दुसरं दुकान बघा. वीस मिनिटं पुरतात.

पहिलं वायफाय जोडा आणि दोन-तीन मिनिटं व्हिडिओ चालू ठेवा. इंटेलचं ८२६५, ९२६०, एएक्स२०० किंवा एएक्स२१० कार्ड असेल तर काळजी मिटली. एएक्स२१०ला ५.१० किंवा त्यापुढचा कर्नल लागतो, रिअलटेकच्या ८८२१सीईला ५.९पासूनचा, ब्रॉडकॉम दिसलं तर वेगळा ड्रायव्हर शोधायची तयारी ठेवा. कार्ड बदलायचं ठरलं तर एक लक्षात असू द्या: ९५६० आणि एएक्स२०१ ही सीएनव्हीआय कार्डं आहेत, ती फक्त ठरावीक इंटेल बोर्डांवरच चालतात. कुठेही बसवायला ९२६० किंवा एएक्स२०० घ्या.

आवाज स्पीकरमधून, मग हेडफोनमधून ऐका. मायक्रोफोनवर बोलून रेकॉर्डिंग करा. २०१९च्या पुढच्या यंत्रांत मायक्रोफोन दिसत नसेल तर बहुधा ‘एसओएफ’ फर्मवेअर बसवलेलं नसतं. ते पॅकेज टाकलं की मायक्रोफोन चालतो, म्हणून एवढ्यावरून यंत्र नाकारू नका. कॅमेरा मात्र लाइव्ह प्रतीत चालला पाहिजे. इंटेलच्या अकराव्या-बाराव्या पिढीपासून काही पातळ मॉडेलांत यूएसबीवर नसलेला, ‘आयपीयू६’वरून चालणारा कॅमेरा आला आणि लिनक्सवर त्याने पुष्कळ छळलं आहे. बोटाच्या ठशाचा वाचक लाइव्ह प्रतीत चालला तर उत्तम. चालला नाही तर त्याच्यासाठी पैसे देऊ नका. २०१८च्या थिंकपॅडमधला सहसा सरळ चालत नाही.

प्रत्येक यूएसबीत पेनड्राइव्ह घालून पाहा. यूएसबी-सीची तोंडं जास्त बारकाईने: चार्जर लावून हलकेच हलवा, चार्जिंग तुटता कामा नये. एक्स२८० आणि टी४८०एस फक्त यूएसबी-सीवरूनच चार्ज होतात, म्हणजे ती तोंडं गेली की यंत्र थंड. २०१८च्या थिंकपॅडांत एक जादा धोका आहे. थंडरबोल्ट (यूएसबी-सीच्या तोंडातून चालणारी वेगवान जोडणी) नियंत्रकाचं जुनं फर्मवेअर, म्हणजे चिपमधला प्रोग्रॅम, आपल्याच चिपवर सतत लिहीत राहतं. कालांतराने ती भरते आणि थंडरबोल्ट, बाहेरचा पडदा, कधी कधी चार्जिंगही बंद पडतं. कंपनीने दुरुस्त फर्मवेअर दिलेलं आहे. घेतल्यावर पहिलं काम तेच.

आता झोप. झाकण मिटा, दोन मिनिटं थांबा, उघडा, असं तीनदा. थिंकपॅडच्या झाकणावरचा लाल ठिपका झोपेत सावकाश लुकलुकतो. उठल्यावर वायफाय आणि टचपॅड परत आलं पाहिजे. जुन्या यंत्रांत ‘एस३’ नावाची गाढ झोप असते, रात्रभरात बॅटरी जेमतेम उतरते. अकराव्या पिढीपासून बऱ्याच यंत्रांतून ती काढून टाकली. त्याऐवजी आलेल्या अर्धवट झोपेत लॅपटॉप पिशवीत तापतो आणि सकाळी बॅटरी रिकामी मिळते. ‘सिस’ फोल्डरातल्या ‘पॉवर’मध्ये ‘मेम स्लीप’ नावाची फाइल (/sys/power/mem_sleep) उघडा. तिच्यात ‘डीप’ शब्द दिसला तर एस३ आहे. काही थिंकपॅडांत बायोसमधला झोपेचा पर्याय ‘लिनक्स’वर ठेवला की तो दिसू लागतो. हा एकच मुद्दा आठव्या पिढीचं यंत्र अकराव्यापेक्षा सुखाचं ठरवू शकतो.

बॅटरीसाठी डेस्कटॉपमधलं वीज-आकडेवारीचं साधन उघडून दोन आकडे बघा: मूळ क्षमता आणि आता पूर्ण भरल्यावरची क्षमता. एक्स२८०ची मूळ क्षमता ४८ वॉट-तास; आता ३६ दाखवत असेल तर ७५ टक्के उरली आहे, चालेल. ६० टक्क्यांच्या खाली गेली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करा. पाच वर्षांच्या यंत्रात शून्य आवर्तनं (भरण्या-उतरण्याच्या फेऱ्या) आणि शंभर टक्के दिसले तर बॅटरी बदललेली आहे. कुठल्या कंपनीची, ते विचारा.

एसएसडीचं आरोग्य ‘स्मार्टसीटीएल’ (smartctl) हा हुकूम दाखवतो. त्यात वापर किती टक्के झाला ती ओळ वाचा. तशीही जुन्या यंत्रात विक्रेत्याने घातलेली एसएसडी मिळेल त्यातली स्वस्त असते, नवीसाठी खर्च धरूनच चला. एक्स२८०, टी४८०एस आणि लॅटिट्यूड ७२९०ला एम.२ची २२८० मापाची एनव्हीएमई लागते. एक्स२७०मध्ये सहसा अडीच इंची साटा. शेवटी टर्मिनलमध्ये ‘डीमेसग’ (dmesg, कर्नलच्या नोंदी दाखवणारा हुकूम) चालवून लाल ओळी वाचा. एक-दोन असतातच, एकच ओळ शेकडो वेळा आली असेल तर तिचा फोटो काढा आणि घरी शोध घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

घरी आणल्यावर

तळाचं झाकण उघडण्याआधी थिंकपॅडच्या बायोसमध्ये पॉवर विभागात जाऊन आतली बॅटरी बंद करा, नाहीतर स्क्रू ड्रायव्हर निसटला तर बोर्डावर ठिणगी पडते. पंख्यातली धूळ काढताना पाती काडीने अडवून ठेवा. फुंकरीने पंखा गरगरला तर त्याचा अक्ष सैल होऊ शकतो. पाच वर्षांचं यंत्र असेल तर थर्मल पेस्ट बदला; मटाराएवढा ठिपकाही जास्त होतो, तांदळाच्या दाण्याएवढा पुरतो.

रॅमची एकच खाच असेल तर एकदाच १६ जीबीची कांडी घाला. दोन खाचा असतील तर आठ-आठच्या दोन: दोन वाटांनी माहिती गेली की आतल्या ग्राफिक्सला जाणवण्याइतका वेग येतो.

वितरण कोणतं, यावर वाद घालायला लोकांना रात्र पुरत नाही. आठव्या पिढीच्या यंत्रावर लिनक्स मिंट २२, डेबियन १३ आणि फेडोरा तिन्ही सारखीच नांदतात. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये १२व्या आवृत्तीपासून वायफायचं फर्मवेअर सोबतच येतं. अगदी नव्या यंत्रासाठी फेडोरा बरी, कारण कर्नल ताजा असतो. हलका लॅपटॉप चोरीला जायलाही हलकाच, त्यामुळे इन्स्टॉल करताना डिस्क कूटबद्ध करायचा पर्याय निवडा. हायबरनेट (रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून बंद होणं) वापरायचं असेल तर स्वॅप, म्हणजे त्यासाठीची डिस्कवरची जागा, रॅमएवढी तरी ठेवा. सिक्युअर बूट चालू असताना उबुंटू आणि फेडोराचा कर्नल हायबरनेट करू देत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

टेबलावर सतत चार्जरला लावून ठेवायचा असेल तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवा. थिंकपॅडवर टीएलपी या वीज वाचवणाऱ्या साधनात सुरुवात ७५ आणि शेवट ८० अशा मर्यादा घालता येतात. डेल आणि एचपीवर बायोसमध्येच तसा पर्याय असतो. टीएलपी आणि डेस्कटॉपची वीज-प्रोफाइल सेवा एकत्र चालवू नका, दोघी एकमेकींनी केलेलं खोडत बसतात.

बायोसचे अपडेट ‘एफडब्ल्यूअपडी’ (fwupd) या साधनातून थेट लिनक्सवरून होतात; डेल आणि लेनोवो त्यात नियमित असतात, एचपीची बरीच मॉडेलं नसतात. अपडेट करताना चार्जर लावलेला आणि बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली हवी. पावसाळ्यात दर दहा मिनिटांनी वीज जात असेल तर ते काम दुसऱ्या दिवसावर टाका.